परधर्माविषयीची साक्ष

आमची मुलगी आठवीत शिकते. गेल्या महिन्यात शाळेने तिला 'जगातील प्रमुख धर्म' या विषयावर एक तक्ता करून आणावयास सांगितले. डाव्या बाजूस एकाखाली एक धर्मांची नावे आणि वर रकान्यांची शीर्षके : संस्थापक, ईश्वर, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, प्रमुख सण. नमुना शाळेनेच दिलेला होता. इस्लामच्या ओळीतील बाकीचे सर्व रकाने तिने झरझर भरले आणि पहिला तेवढा मोकळा ठेवून ती माझ्याकडे आली. "अब्बा, संस्थापक म्हणून प्रेषितांचं (स.) नाव लिहू का?"

प्रश्न साधा होता. पण 'हो' म्हणणे मला शक्य नव्हते. पवित्र कुरआनने प्रेषित मुहम्मद (स.) यांना असे जाहीर करावयास सांगितले आहे की, मी प्रेषितांमध्ये काही नवलाचा आलेलो नाही (४६:९). जो दीन नूह (अ.), इब्राहीम (अ.), मूसा (अ.) आणि ईसा (अ.) यांना दिला गेला, तोच तुमच्यासाठी निश्चित करण्यात आला, असेही कुरआन सांगतो (४२:१३). ज्याने पूर्वी नसलेली गोष्ट उभी केली तो संस्थापक. आपल्या श्रद्धेनुसार प्रेषितांनी (स.) अशी कोणतीही स्थापना केली नाही, आदम (अ.) यांच्यापासून चालत आलेल्या मार्गदर्शनाची त्यांच्यावर पूर्तता झाली. 'संस्थापक' हा शब्द मान्य केला की हा सारा विश्वास न बोलता पुसला जातो, आणि पुसला गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मुलीला मी हे समजावत होतो, तेवढ्यात माझे लक्ष खालच्या ओळीकडे गेले. जैन धर्मापुढे तिने पाठ्यपुस्तकातून पाहून 'वर्धमान महावीर' असे लिहिले होते. जैनांच्या श्रद्धेप्रमाणे महावीर हे चोविसावे तीर्थंकर होत. त्यांच्या आधी तेवीस होऊन गेले आणि या कालचक्रातील पहिले ऋषभदेव. म्हणजे ज्या शब्दाने आमच्यावर अन्याय होत होता, त्याच शब्दाने, अगदी त्याच रीतीने, शेजाऱ्यावरही होत होता. मला मात्र फक्त माझी ओळ दिसली होती. हिंदू धर्मापुढे त्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती, जणू त्या धर्मात काहीतरी उणे आहे.

धर्मांच्या तौलनिक अभ्यासात पारिभाषिक शब्दांना एवढे महत्त्व का, हे त्या कार्डशीटवरून मुलीला नव्हे, मलाच कळले. रकाने तटस्थ असतात अशी आपली समजूत असते. ते तसे नसतात. एक संस्थापक, एक ग्रंथ, एक प्रार्थनास्थळ आणि वर्षाचे ठरलेले सण हा साचा ख्रिस्ती धर्मावर नजर ठेवून घडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी या विषयाचे शास्त्र बनविले तेव्हा तो साचा त्यांच्या हाताशी होता आणि बाकीचे धर्म त्यात बसविले गेले. ख्राइस्टवरून ख्रिस्ती धर्माचे नाव, म्हणून मुहम्मद (स.) यांच्यावरून इस्लामचेही नाव असले पाहिजे, असे गृहीत धरून त्यांनी इस्लामला 'मोहमेडनिझम' म्हटले. हॅमिल्टन गिब यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने १९४९ साली लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकही तेच आहे, आणि आपल्या वकिलांच्या कपाटांत 'मोहमेडन लॉ' हा शब्द आजही नांदतो. आम्ही मुहम्मद (स.) यांची उपासना करीत नाही, हे सांगण्यात आपल्या कित्येक पिढ्यांचा वेळ गेला. ते नाव आपण स्वतःला दिलेले नव्हते.

येथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी ईद मिलनाचा कार्यक्रम होता. सर्व समाजांतील मंडळी निमंत्रित होती. मी बोलण्याच्या ओघात एकेश्वरत्वाचे विवेचन करीत होतो आणि उदाहरणादाखल म्हणालो की, निरनिराळ्या समाजांतील लोक मूर्तीपुढे उभे राहून मागणे मागतात. आमचे जैन बांधव महावीरांकडे मागतात, हिंदू बांधव आपापल्या देवतांकडे. भाषण संपले, शिरखुर्मा झाला, आणि निघताना आमच्या गल्लीतील एक वृद्ध जैन शेतकरी, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, चांगलं बोललासा. पण आम्ही तीर्थंकरांकडं काही मागत नाही. मागितलं तरी ते देणारे नव्हेत. ते सुटून गेलेत."

मी गोंधळलो. अण्णा पुढे म्हणाले की, त्यांच्या पत्नी पद्मावतीदेवीपुढे नारळ ठेवतात आणि मागतातही. पण ते वेगळे, तीर्थंकर वेगळे. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तेच मला अधिक लागले. ज्या माणसाच्या घराची भिंत माझ्या घराला लागून आहे, त्याच्या श्रद्धेविषयी मी शंभर माणसांसमोर, धर्माच्या व्यासपीठावरून, त्याच्या देखत असत्य बोललो होतो. हेतू वाईट नव्हता. चौकशी केली नव्हती, एवढेच.

"एवढेच" हा शब्द मी लिहिला खरा, पण कुरआनच्या दृष्टीने ते एवढेच नाही. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय या सर्वांची विचारणा होईल, असा आदेश आहे (१७:३६). आणि खोट्या साक्षीसंबंधीची हदीस तर सर्वांच्या परिचयाची आहे. महापातके सांगताना प्रेषित (स.) टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ होऊन बसले आणि तो शब्द इतक्या वेळा उच्चारला की, आता त्यांनी थांबावे असे अनुयायांना वाटू लागले. ही हदीस आपण कोर्टकचेरीच्या, जमिनीच्या आणि देण्याघेण्याच्या संदर्भात ऐकतो व ऐकवतो. "अमुक धर्माचे लोक असे मानतात" हे वाक्यदेखील साक्षच आहे, हे मात्र आपल्या मनात येत नाही. अनुपस्थित माणसाच्या अंतःकरणात काय आहे याविषयीची ती साक्ष असते. ज्या 'शहादत' या शब्दाने आपण अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही देतो, तोच शब्द अरबीत न्यायालयातील साक्षीसाठी आहे.

आता शब्दांकडे वळू, कारण ही साक्ष शब्दांतूनच खोटी ठरते. 'धर्म' हाच शब्द घ्या. 'धृ' या धातूपासून तो आला. जे धारण करते ते. मराठीत त्याचे अर्थ किती पसरले आहेत पाहा. पुत्रधर्म, राजधर्म म्हणताना कर्तव्य अभिप्रेत असते. भिकारी "धर्म करा" म्हणतो तेव्हा भिक्षा. पाण्याचा धर्म वाहणे म्हणताना स्वभाव. बौद्धांचा धम्म म्हणजे प्रामुख्याने बुद्धांची शिकवण. जैन तत्त्वज्ञानात तर 'धर्म' हे एका द्रव्याचेही नाव आहे. ज्याच्या आधाराने पदार्थांना गती शक्य होते ते. हे मी अण्णांकडून ऐकले तेव्हा मला आपल्या मराठीचे हसू आणि कौतुक दोन्ही वाटले.

आपला 'दीन' हा शब्द यांपैकी कोणाशीच तंतोतंत जुळत नाही. ज्या तीन अक्षरांपासून तो बनला त्यांच्यापासूनच अरबीत 'दैन' म्हणजे कर्ज हा शब्द होतो. सूरह फातिहात 'दीन'चा दिवस म्हणजे निवाड्याचा दिवस. सूरह यूसुफमध्ये 'राजाचा दीन' असा प्रयोग आहे (१२:७६), तेथे अर्थ देशाचा कायदा. सूरह काफिरूनच्या शेवटी इन्कार करणाऱ्यांच्या मार्गालाही 'दीन' म्हटले आहे. देणे, निवाडा, आज्ञापालन, जीवनपद्धती असा सगळा पसारा त्या एका शब्दात आहे. आणि मराठी वाचकाच्या कानी 'दीन' पडले की त्याच्या डोळ्यांपुढे दीनदुबळे उभे राहतात! आपल्या नियतकालिकांत आपण हा शब्द सर्रास लिहितो आणि शेजारच्या घरी अंक वाचावयास देतो. तो वाचून समोरच्याचा गैरसमज झाला तर दोष त्याचा नाही.

काही मंडळींना वाटते की, उपाय सोपा आहे. आपले शब्द बदलूच नयेत. पण कोणते आपले? 'नमाज' हा फारसी शब्द आहे, त्याचे मूळ आणि संस्कृत 'नमस्'चे मूळ एकच. 'रोजा'मध्ये फारसी 'रोज' म्हणजे दिवस आहे. इराणच्या मुसलमानांनी 'सलात' आणि 'सौम' यांसाठी आपल्या भाषेतले शब्द घेतले आणि त्यांत नवा आशय भरला. मराठीने 'रसूल' या शब्दासाठी 'प्रेषित' हा शब्द दिला, आणि माझ्या मते तो 'पैगंबर'पेक्षाही नेमका आहे. पैगंबर म्हणजे निरोप आणणारा. प्रेषित म्हणजे पाठविला गेलेला, आणि 'रसूल'चाही अर्थ तोच.

आता 'प्रेषित', 'अवतार' आणि 'तीर्थंकर' हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. अवतार म्हणजे खाली उतरणे. वैष्णव श्रद्धेत परमेश्वर स्वतः पृथ्वीवर उतरतो. तीर्थंकर म्हणजे प्रवाहातून पार होण्याचा उतार बांधून देणारा. तो माणूस आहे, स्वतःच्या साधनेने कर्मबंधनातून मुक्त होतो आणि इतरांसाठी वाट दाखवून जातो. प्रेषित या दोघांहून निराळा. तो उतरलेला ईश्वर नव्हे आणि साधनेने ते पद मिळवलेला सिद्धही नव्हे. तो तुमच्यासारखाच माणूस, ज्याच्याकडे प्रकाशना पाठविली जाते (१८:११०). ज्या वृत्तपत्रात एखादा लेखक आदराने "मुहम्मद पैगंबर हे ईश्वराचे अवतार होते" असे लिहितो, त्याच्या मनात सद्भावच असतो. तरीही आपल्याला अस्वस्थ वाटते. तसेच एखादा मुसलमान वक्ता "राम आणि कृष्ण यांना हिंदू आपले प्रेषित मानतात" असे म्हणतो तेव्हा ऐकणारा हिंदू अस्वस्थ होत असणार. प्रत्येक लोकसमूहात सावध करणारा येऊन गेला असे कुरआन सांगतो (३५:२४), आणि सर्वांचीच नावे सांगितलेली नाहीत असेही सांगतो (४०:७८). ती आपली श्रद्धा आहे. ती सांगताना "आम्ही मानतो" असे म्हणावे. "ते मानतात" असे म्हणू नये. क्रियापदाचा कर्ता बदलला की साक्ष खोटी होते.

हे सर्व नव्या काळाचे, पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेले औचित्य आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने अबू रैहान अल-बिरूनी यांचे स्मरण करावे. मॅक्स म्यूलर यांनी लंडनमध्ये धर्मशास्त्राच्या तौलनिक अभ्यासावर व्याख्याने दिली ती १८७० मध्ये. अल-बिरूनींचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ, ज्याला आपण 'किताबुल हिंद' म्हणतो, सुमारे १०३० सालचा. ते ९७३ मध्ये ख्वारिज्ममध्ये जन्मले. १०१७ मध्ये महमूद गझनवीने तो प्रदेश जिंकल्यावर त्यांना गझनीस यावे लागले, आणि तेथून पंजाबच्या बाजूस त्यांचे येणे-जाणे झाले. प्रौढ वयात ते संस्कृत शिकले. पतंजलीच्या योगशास्त्राचा त्यांनी अरबी अनुवाद केला. ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सांगतात की, परधर्मांविषयी मुसलमानांनी लिहिलेल्या पुस्तकांतील बराच मजकूर ऐकीव आणि एकमेकांवरून उतरवलेला आहे, आणि आपण मात्र हा ग्रंथ वादासाठी लिहीत नसून हिंदूंचे म्हणणे जसे आहे तसे मांडत आहोत.

हे लिहिणे सोपे नव्हते. ज्या राजाच्या दरबारी ते होते, त्याच्याच स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली आणि इथल्या लोकांच्या मनात मुसलमानांविषयी खोल तिटकारा बसला, हेही त्यांनी त्याच ग्रंथात नोंदवून ठेवले. हिंदू विद्वानांच्या अहंकारावर त्यांची टीका आहे, कडक आहे. पण त्यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य दुसरीकडे आहे. हिंदूंतील सुशिक्षितांचा ईश्वरविचार ते त्यांच्या ग्रंथांतून देतात आणि सामान्यांचा आचार वेगळा सांगतात. दोहोंची सरमिसळ करीत नाहीत. मूर्तिपूजेच्या प्रकरणात तर ते आपल्याच लोकांचा दाखला देतात. मक्केचे वा काबागृहाचे चित्र एखाद्या अशिक्षित मुसलमानाच्या हाती दिले, तर तो आनंदाने त्याचे चुंबन घेईल, त्याला गाल लावील, जणू चित्र नव्हे तर प्रत्यक्ष वस्तूच पाहतो आहे, अशा आशयाचे ते लिहितात. मूर्तिपूजा योग्य आहे असे त्यांनी म्हटलेले नाही. माणूस तिकडे कसा वळतो, हे त्यांनी परक्याच्या नव्हे, आपल्या घराच्या उदाहरणाने सांगितले.

जसा कलिमा ही मुसलमानांची खूण, त्रित्व ही ख्रिस्ती लोकांची आणि शब्बाथ ही यहुद्यांची, तसा पुनर्जन्म ही हिंदूंची खूण, असेही त्यांचे एक निरीक्षण आहे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. अल-बिरूनींचा ग्रंथ न वाचताही त्या गावकऱ्यांनी नेमकी तीच खूण हेरली होती. त्यांच्यानंतर शतकभराने शहरस्तानी यांनी 'अल-मिलल वन्-निहल' लिहिताना स्वतःवर अट घालून घेतली की, प्रत्येक पंथाचे मत त्याच्याच ग्रंथांत जसे आढळेल तसे, पक्षपात न करता मांडायचे. ही परंपरा आपली आहे. आपण ती विसरलो आहोत.

विसरण्याचे कारण बहुधा अज्ञानापेक्षा वेगळे आहे. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांचा धिक्कार आहे जे घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. ही आयत आपण वाण्याच्या तराजूपुरती ठेवतो. धर्मांच्या चर्चेत आपला तराजू कसा चालतो? आपला धर्म आपण सूरह इख्लासवरून मोजतो आणि शेजाऱ्याचा धर्म नारळ-अंगाऱ्यावरून. दर्ग्यावर चादर चढवून नवस बोलणारा, ताईत बांधणारा मुसलमान दाखविला की आपण म्हणतो, "हा इस्लाम नव्हे, अज्ञान आहे." बरोबर आहे. पण अण्णांच्या पत्नीचा नारळ पाहून मात्र आपण म्हणतो, "हा जैन धर्म." हेच माप उलटे करून काही लोक आपल्यावर वापरतात, कोणा अतिरेक्याचे कृत्य आणि आपला कुरआन एका पारड्यात घालतात. तेव्हा आपल्याला अन्याय म्हणजे काय ते चटकन कळते. कुरआनने ग्रंथधारकांवर टीका केली, पण ते सगळे सारखे नाहीत, त्यांच्यात रात्री उभे राहून अल्लाहची वचने वाचणारेही आहेत, असे त्याच ओघात सांगितले (३:११३). एखाद्या समूहाच्या वैरामुळेसुद्धा न्याय सोडू नका, असे बजावले (५:८). शेजारी तर वैरीही नाही.

मुलीने मला विचारले, "मग त्यांचं म्हणणं त्यांच्यासारखंच लिहायचं, तर खरं कुणाचं?" या प्रश्नाची भीती अनेक पालकांना असते आणि ती मलाही वाटली, हे लपविण्यात अर्थ नाही. इतरांची श्रद्धा सहानुभूतीने समजून घेता घेता मुलांच्या मनातील स्वतःच्या श्रद्धेची पकड सैल होईल, असे वाटते. काही जण या भीतीपोटी मुलांना इतर धर्मांविषयी काही कळूच देत नाहीत. काही जण उलट टोकाला जाऊन "शेवटी सगळे सारखेच" असे म्हणून मोकळे होतात. दुसरा मार्ग उदार दिसतो, पण त्यातही ऐकून घेण्याचा कंटाळाच आहे. जो जैन "जगाचा कोणी निर्माता नाही" असे मानतो आणि जो मुसलमान निर्मात्याखेरीज कशालाच नतमस्तक होत नाही, त्या दोघांना "सारखेच" म्हणणे हा दोघांचाही अपमान आहे.

मी तिला म्हणालो, "तक्त्यात ते काय मानतात ते लिहायचंय. तू काय मानतेस हे कुणी विचारलं तर ते तू सांगायचंस, आणि न घाबरता सांगायचंस." ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "अवतार, तीर्थंकर आणि प्रेषित हे तीन वेगळे आहेत हे आधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, ज्याचा त्याचा शब्द वेगळा, एवढंच." रिसालत म्हणजे काय हे तिला मदरशात शिकविलेले होते, पण तिची नेमकी आकृती तिला त्या दिवशी, इतर दोन आकृतींच्या शेजारी ठेवल्यावर दिसली. माझ्या भीतीला एवढे उत्तर पुरेसे वाटले.

मग तिने 'संस्थापक' हे शीर्षक खोडले आणि त्या जागी 'ज्यांच्यामुळे ओळखला जातो' असे लिहिले. ते मला पूर्णपणे पसंत नाही, पण तिचा शब्द तिचा. जैनांची ओळ घेऊन ती अण्णांकडे गेली. त्यांनी 'ऋषभदेव ते महावीर, चोवीस तीर्थंकर' असे लिहून घेतले आणि धर्मग्रंथाच्या रकान्यात तिने लिहिलेल्या 'आगम' या शब्दावर बोट ठेवून सांगितले की, दिगंबर परंपरेच्या मते प्राचीन अंगग्रंथ लुप्त झाले. आम्ही षट्खंडागम मानतो. एका ओळीत दोन ओळी कराव्या लागल्या. हिंदू धर्माच्या ओळीतील आडवी रेघ पुसून तिने वर्गशिक्षिकांनाच विचारले आणि त्यांनी 'सनातन; एक संस्थापक नाही' असे सांगितले.

बौद्ध धम्माच्या ओळीत 'ईश्वर' हा रकाना तिने कोरा ठेवला होता. कोणाला दुखवू नये म्हणून, असे तिचे म्हणणे. तक्ता शाळेत नेला तेव्हा तिच्या बाकावर बसणाऱ्या बौद्ध मैत्रिणीने तो पाहिला आणि म्हणाली, "कोरं का ठेवलंस? आम्ही ईश्वर मानत नाही असं लिही ना. कोरं ठेवलं तर तुला माहीत नाही असं वाटेल." तिने स्वतःच्या पेनाने तिथे ते लिहिले. आमच्या घरातल्या तक्त्यात तेवढ्या एका रकान्याचे अक्षर वेगळे आहे.